सगळ्यात मागे

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुठेही सांगते, कोणी विचारलं तरी आणि नाही विचारलं तरी. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत हिमालयात ट्रेकला जाणार, काही दिवस पायी, बर्फातून, असं मी घरी जाहीर केलं, तेव्हा भावाला वाटलं की हे जास्त शिकल्याचंच दुखणं आहे.

"बर्फच पाहाचा हाये ना?" तो म्हणाला. "थांब, फ्रीज उघडून देतो. बस त्याच्यासमोर स्वेटर घालून."

जायचं आम्हा दोघींचं ठरलं होतं. मी गडचांदूरला शाळेत शिकवते. माझी मैत्रीण अहेरीकडे वनरक्षक आहे. ती जंगलातल्या गोंड गावातली, मी आरमोरीजवळच्या धानाच्या गावातली. कॉलेजात एका खोलीत राहिलो, एका स्टोव्हवर भात शिजवला आणि दोघीही आपापल्या घरातल्या पहिल्या पदवीधर झालो. तिचं रोजचं काम चालण्याचंच. मी मात्र वर्गात उभी राहणारी बाई. चालले तर फळ्यापासून शेवटच्या बाकापर्यंत.

तिसरं कोणी येईल हे आमच्या मनातही नव्हतं. मी गावी गेले होते आणि मोबाईलवर त्या वाटेचे फोटो दाखवत होते. वहिनी भाकरी अर्धी ठेवून उठून आली. फोटोत मोकळी पांढरी चढण होती आणि तिच्यावर माणसांची बारीक रांग. झाड नाही, झुडूप नाही, गवताची काडी नाही. तिनं पिठाचं बोट न लावता कोपरानं माझा हात स्वतःकडे वळवला आणि बराच वेळ पाहिलं.

"इथी वाघ कुठी लपन?"

"वाघ नाहीच तिथं, वहिनी."

"असता तरी लपाले जागा नाई." मग ती म्हणाली, "बाई, मले घेऊन चाला. मले एकडाव अशा जागी चालाचं हाये, जिथी मांगं पाहावं लागत नाई."

भाऊ हसायला गेला आणि हसला नाही.

आता सांगते तो का हसला नाही. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा गावात तिच्यासारखी चालणारी बाई नव्हती. मोहफुलाच्या दिवसांत सगळ्यांच्या आधी टोपली भरून परत यायची. तेंदूपत्त्याच्या हंगामात पुरुषांच्या पुढे असायची. एका वर्षी मोह वेचून बाया रांगेनं परत येत होत्या. सगळ्यात मागे शेजारची काकू, तिच्या पुढे वहिनी. काकू आपल्या सुनेचं गाऱ्हाणं सांगत होती. सांगता सांगता मध्येच थांबली. वहिनीनं मागे वळून पाहिलं तेव्हा वाटेवर फक्त टोपली होती.

त्यानंतर वहिनी जंगलात गेली नाही. संध्याकाळी विहारात जायची, तेही सुटलं, कारण परत येताना अंधार होतो. आमच्या गावात आता घरोघरी संडास आहेत, पण ते परसाच्या टोकाला. त्यापलीकडे धानाच्या बांध्या आणि बांध्यांपलीकडे लगेच जंगल. अंधार पडल्यावर बाया एकट्या तिकडे जात नाहीत. जायचंच झालं तर दोघी-तिघी मिळून, मोठमोठ्यानं बोलत, थाळी वाजवत. रस्त्यानं चालतानाही वहिनी दर दहा पावलांनी मान वळवायची. तिला ते कळायचंही नाही. आम्हाला दिसायचं.

"जाऊ दे तिले," भाऊ मला बाजूला घेऊन म्हणाला. "पर सोबत परत आनजो. अर्ध्यातून धाडजो नको. अर्ध्यातून आली तर ते पुन्हा दारातून बाहेर पडनार नाई."

ते मी घेतलं डोक्यावर.

तयारी आम्ही चंद्रपूरच्या मे महिन्यात केली. ज्यानं तो महिना पाहिला आहे त्याला पुढचं सांगायला नको. नवे बूट पायात मुरावे म्हणून मी लोकरीचे मोजे चढवून, पाठीवर तांदळाची पिशवी बांधून शाळेचा जिना चढायचे. शिपायानं एकदा विचारलं, "मॅडम, काई नवस हाये का?" तिकडे गावात वहिनी पहाटे भावाच्या ट्रॅकपँटमध्ये डांबरी रस्त्यानं चालायची, आणि भाऊ तिच्या मागे मोटरसायकल फर्स्ट गियरमध्ये घेऊन. मागे कोणीतरी पाहिजे म्हणून. गाव म्हणायचं, बायको पळून जाऊन राह्यली अन् हा पोचवून देऊन राह्यला.

उत्तराखंडातल्या ज्या गावातून चालायला सुरुवात झाली, तिथं आमच्या तुकडीतले बाकीचे भेटले. पुण्याचे चौघं, बंगलोरचं एक जोडपं, असे. सगळ्यांची जॅकेटं इतकी नवी की एकाच रंगाची वाटावीत. पुण्याच्या एकानं आमचा जिल्हा विचारला आणि म्हणाला, "बापरे, तुमच्याकडं नक्षलवादी असतात ना?"

"असतात," मैत्रीण म्हणाली. "पण ट्रेकला येत नाहीत."

तिथून त्यांची आमच्याशी गट्टी जमली.

आमचा लीडर तिथलाच गढवाली तरुण, उन्हानं गाल भाजलेला. त्यानं पहिल्या दिवशी सगळ्यांना गोल उभं करून सूचना दिल्या. धीरे चलो. पानी पीते रहो. सिर दुखे तो छुपाना मत. आणि शेवटी, सहज, बूट बांधता बांधता म्हणाला, "नीचे के जंगल में भालू है. शोर करते रहो तो नहीं आता."

भालू म्हणजे अस्वल. मी वहिनीकडे पाहिलं. तिनं दुपट्टा डोक्याभोवती गच्च बांधला होता, फक्त डोळे उघडे. आमच्याकडं उन्हासाठी बांधतात तसाच, आता थंडीसाठी. त्या डोळ्यांत काही दिसलं नाही.

"वाघ नाई म्हनलं होतं तुमी," ती एवढंच म्हणाली.

"वाघ नाहीच."

"हो ना. त्याचा भाऊ हाये."

पहिला दिवस झाडांतून गेला. थंड, ओलसर, पायाखाली पानांचा जाड थर. वहिनी अशी चालली की लीडर खूश. "दीदी तो बहुत तेज़ हैं!" माझी मान वर झाली. आमच्या गावची बाई, पुण्या-बंगलोरच्या पुढे! दुसऱ्या दिवशी झाडं विरळ झाली, कुरणं लागली, वारा असा की बोलताना दात दुखायचे. ती अजूनही पुढेच. पण त्या दिवशी मी तिच्याजवळून चालत होते, म्हणून मला वेगळंच दिसलं. ती पुढे राहण्यासाठी चालत नव्हती. मागे न राहण्यासाठी चालत होती. मागचे लोक फोटो काढायला थांबले की आपण शेवटच्या झालो हे तिच्या पाठीला कळायचं. मग ती धावल्यासारखी चढ चढून पुढच्या घोळक्यात शिरायची, मधोमध. तिथं दम घ्यायची. ते लोक बसले की पुन्हा तेच. आम्ही सगळे एका चालीनं चढलो तो डोंगर. ती तुकड्या-तुकड्यांनी, धापा टाकत.

"वहिनी, हळू."

"हळूच तर चालून राह्यली."

त्या संध्याकाळी ती जेवायला आली नाही. तंबूत कपाळ दाबून पडली होती. मी गरम सूप नेलं, तिनं वासानंच तोंड फिरवलं, आणि बाहेर जाऊन ओकली. ओकायला गेली तीही तंबूपासून दोन पावलांवर, उजेडाकडे तोंड करून.

लीडर आला. तिच्या बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावला. कोरोनात आपण सगळ्यांनी पाहिला तो. आकडा त्याला आवडला नाही. "दीदी, पानी कितना पिया आज?"

"पिया," वहिनी म्हणाली.

त्यानं मला बाहेर बोलावलं. हवा विरळ आहे, शरीराला जुळवून घ्यायला वेळ लागतो, आणि ह्या धावत चढल्या. सकाळपर्यंत उतार पडला नाही तर एक माणूस सोबत देऊन खाली पाठवतो. "पास छोड़ देना पड़ेगा." पास म्हणजे ती वरची खिंड. तीच तर फोटोतली जागा.

अर्ध्यातून धाडजो नको. भावाचं वाक्य कानात घेऊन मी तंबूत शिरले आणि हाताला काम पाहिजे म्हणून आमच्या तिघींच्या बाटल्या भरायला उचलल्या. माझी रिकामी, मैत्रिणीची रिकामी. वहिनीची गळ्यापर्यंत भरलेली. सकाळी मीच भरून दिली होती.

बाटली हातात घेऊन मी तशीच बसले. मला विचारावं लागलं नाही. आमच्या गावात कोणत्याही बाईला विचारा, दुपारचा चहा झाला की ती पाण्याला हात लावत नाही. का, तर रात्री परसाच्या टोकाला जावं लागू नये. माझी आई तेच करायची, वहिनी तेच करते. मी स्वतः गावी गेले की दुसऱ्या दिवसापासून माझंही तेच सुरू होतं. ही सवय आहे हेसुद्धा आम्हाला ठाऊक नसतं. कॅम्पचा संडास म्हणजे खड्डा खणून त्यावर उभा केलेला चिंचोळा तंबू, आमच्या तंबूंपासून बराच दूर, ओढ्याच्या अंगाला. आणि तो मेला भालू. वहिनीनं दुपारपर्यंतही वाट पाहिली नव्हती. सकाळपासूनच पाणी बंद.

"वहिनी, काऊन नाही प्यायली?"

तिनं बाटली हातानं दूर सारली.

"इथं वाघ नाही."

"वाघ नाई," ती डोळे मिटूनच म्हणाली. "पर अंधार तर हाये ना, बाई."

मैत्रीण दारात उभी राहून ऐकत होती. तिनं पहिल्यांदा लीडरच्या भालूला गोंडीत काहीतरी ऐकवलं, जे मी विचारलंही नाही. मग स्वयंपाकाच्या तंबूत गेली आणि स्टीलची थाळी आणि मोठा चमचा घेऊन आली.

"उठा वहिनी. पानी पिवा. मंग आपुन तिघी जाऊ."

"लोकं का म्हनतीन?"

"लोकं तुमाले खाली धाडून राह्यले. लोकाईले का विचारता?"

तिनं एक ग्लास गरम पाणी संपवलं. घोट घोट, औषध घ्यावं तसं. मग थोड्या वेळानं दुसरा. तिसऱ्याला अवघडल्यासारखी सरकली आणि माझ्याकडं पाहिलं. मी बूट चढवले.

सूर्य बुडून थोडा वेळ झाला होता. समोरच्या शिखरावर थोडा उजेड उरला होता आणि खाली कॅम्पवर निळसर काळोख उतरत होता. मैत्रीण पुढे, थाळी वाजवत. मध्ये वहिनी. मागे मी. आणि वहिनी बोलायला लागली. गावात अशा वेळी बायांनी मोठ्यानं बोलायचं असतं, काय बोलता ते महत्त्वाचं नाही. ती आपल्या सासूबद्दल बोलली, म्हणजे माझ्या आईबद्दल, आणि मी मागे आहे हे विसरून बोलली. मोहाची भाजी माझ्या आईला कधी जमली नाही हे मला हिमालयात कळलं.

तंबूंतून डोकी बाहेर आली. कोणीतरी ओरडलं, "अरे, क्या हुआ?"

"काही नाही, भालू पळवून राह्यलो!" मैत्रीण ओरडली आणि आणखी जोरात वाजवली.

परत येताना पुण्याची एक मुलगी आमच्या वाटेत उभी होती, हातात टॉर्च. हळूच म्हणाली, "मीपण येऊ का तुमच्याबरोबर पुढच्या वेळी? मी दुपारपासून पाणीच नाही प्यायले." तिच्यामागे बंगलोरची बाई. तिला आमची भाषा येत नव्हती, पण थाळी कळली होती.

झोपेपर्यंत आमची दिंडी निघतच राहिली. पुरुष मंडळी आधी हसली, मग वैतागली, मग गप्प झाली.

सकाळी लीडरनं चिमटा लावला, पुन्हा लावला, दुसऱ्या बोटाला लावला. वहिनीचं डोकं हलकं झालं होतं. तिनं चहा घेतला, खिचडी मागितली. "ठीक है," तो म्हणाला. "लेकिन एक शर्त पर." त्यानं रांगेच्या शेवटी बोट दाखवलं. तिथं तुकडीचा मागचा माणूस उभा असायचा. पन्नाशीचा, मिशीवाला, कोणी मागे पडू नये म्हणून सर्वांत शेवटी चालणारा. "दीदी उनके साथ चलेंगी. सबसे पीछे. बिल्कुल धीरे."

वहिनीच्या हातातला चमचा थांबला.

"मी शेवटी नाई चालत."

"वहिनी..."

"मले खाली धाडा. मी खाली जातो. पर शेवटी नाई चालत."

लीडरला वाटलं की हा मानापमान आहे. तो समजावू लागला की मागे चालण्यात कमीपणा नाही. मला त्याला सगळं सांगता आलं असतं, माझी हिंदी काही वाईट नाही. पण काकूची टोपली मी कुठल्या भाषेत सांगणार होते? मी वहिनीजवळ बसले. म्हटलं, "मी तुझ्या मागे चालते."

"अन् तुमच्या मांगं?"

"मी," मैत्रीण म्हणाली. "माझं कामच ते हाये."

"अन् तुमच्या मांगं?"

"हा मिशीवाला भाऊ."

वहिनीनं त्या माणसाकडं पाहिलं. तो पट्टे आवळत होता, त्याचं आमच्याकडं लक्ष नव्हतं. "अन् त्याच्या मांगं कोन हाये?" ती म्हणाली. "त्याचंही तर घरदार असन."

तेव्हा मला कळलं की तिला स्वतःचीच तेवढी भीती नव्हती. जो शेवटी असतो त्याच्याकडं ती पाहूच शकत नव्हती. मी त्या माणसाला हाक मारली आणि तिचा प्रश्न जसाच्या तसा हिंदीत विचारला. तुमच्या मागे कोण आहे?

तो हसला नाही. त्यानं वळून खालच्या दरीकडे हात केला. तिथं सकाळच्या धुरात काही छपरं चमकत होती. "मेरे पीछे तो मेरा गाँव है, दीदी. वो रहा."

वहिनी उठून उभी राहिली. दुपट्टा सोडला, झटकला आणि पुन्हा बांधला. "चला," ती म्हणाली.

त्या दिवशी आम्ही असे चाललो की मुंगीनं मागे टाकावं. ती, मी, मैत्रीण, मिशीवाला भाऊ. पुढची रांग वळणामागे नाहीशी व्हायची आणि आम्ही चौघंच उरायचो. वहिनीची मान सकाळभर वळत होती. वळली की त्या माणसाची मिशी दिसायची, मग समोर. दर थांब्याला मी बाटली पुढे करायचे आणि मैत्रीण पाठीवरच्या पिशवीवर टकटक करायची, आत थाळी होती. स्वयंपाक्यानं ती देऊनच टाकली होती. दुपारनंतर वहिनीची मान कमी वळायला लागली. मी मोजत नव्हते. पण शिक्षकाला कळतं, वर्गात कोण चुळबुळायचं थांबलं ते.

खिंडीच्या दिवशी अंधारातच निघालो. बर्फ काचेसारखा घट्ट, बुटांना खालून दातेरी साखळ्या बांधलेल्या, दोन्ही हातांत काठ्या. प्रत्येक पाऊल आधी ठोकायचं, मग त्यावर भार द्यायचा. ठोक, भार. ठोक, भार. माझा श्वास मध्येच संपायचा. खोटं कशाला सांगू, मी दोनदा म्हटलं की बस झालं. दोन्ही वेळेला वहिनी थांबून वळली आणि म्हणाली, "बाई, तांदूळ घेऊन जिना चढल्या ना तुमी? मंग?" आणि पुन्हा ठोक, भार. थोडं उजाडल्यावर ती लांबलचक पांढरी चढण दिसली. फोटोतली. तिच्यावर पुढच्या लोकांची बारीक रांग.

चढण संपायला थोडंच उरलं होतं. वर लोक पोचून ओरडत होते. वहिनी वाटेच्या कडेला झाली.

"तुमी समोर व्हा."

"काऊन? काय झालं?"

"काई नाई झालं. व्हा समोर."

मी झाले. मैत्रीण झाली. मिशीवाला माणूस तिच्याजवळ थांबला. त्याला शेवटीच चालायचं असतं. वहिनीनं त्याला हातानं पुढचा रस्ता दाखवला. त्यानं वर पाहिलं, लीडरनं वरून मान हलवली. चढ सोपा होता, वाट खोल उमटलेली होती. तो चार पावलं पुढे झाला आणि तिथं राहिला, हात मागे करून, लागलाच तर धरायला.

आता तिच्या मागे कोणी नव्हतं. अख्खा डोंगर उतरत खाली गेलेला आणि त्यावर आमची पावलं.

मी वरून पाहत होते. मला वाटलं, आता वळेल. ती चालली. ठोक, भार. मान खाली, डोळे पायांवर. मध्ये एक बूट घसरला, मिशीवाल्याचा हात पुढे आला, तिनं तो धरला नाही. मैत्रिणीनं माझं मनगट पकडलं होतं, ते मला नंतर दुखलं तेव्हा कळलं. आणि वर यायला थोडी पावलं असताना वहिनी थांबली. मग वळली. नेहमीसारखी मान टाकून नाही. अख्खी वळली, पाय फिरवून, दोन्ही काठ्या रोवून, आमच्याकडं पाठ करून ऐसपैस उभी राहिली. खालचं सगळं पाहिलं. बर्फ, कुरण, खूप खाली झाडांची काळी पट्टी. कितीतरी वेळ. लीडर हाक मारणार होता, मी त्याला नको म्हटलं.

मग ती वर आली. सगळ्यात शेवटी. पुण्याच्यांनी टाळ्या वाजवल्या, बंगलोरच्या बाईनं तिला मिठी मारली. वहिनीनं दुपट्टा तोंडावरून खाली ओढला, माझ्या हातातली बाटली घेतली आणि एका दमात तळापर्यंत प्यायली. बाटली उलटी करून दाखवली.

"भावाला काय सांगू?" मी विचारलं.

"सांगजा, शेवटी आली म्हनून." तिनं आजूबाजूला पाहिलं. चारी बाजूंनी उघडा बर्फ, लपायला खरंच काडी नव्हती, ना वाघाला, ना माणसाला. ती मैत्रिणीकडे वळली.

"काढ वो ते थाळी," वहिनी म्हणाली. "अन् या बाप्यालोकाईले सांग, तिकडं तोंड करा."